चांदवडचं ‘हो मॅडम’

माइकवर नखानं दोनदा टकटक करून बाई विचारायच्या, “काय चांदवड, कळलं ना?” पलीकडून खणखणीत उत्तर यायचं, “हो मॅडम!” मग बाई समोर बसलेल्या नाशिकच्या पोरांकडे अशा बघायच्या, की त्यांनी माना खालीच घालाव्यात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या कॉलेजनं हे खूळ काढलं होतं. अर्धा वर्ग नाशिकच्या हॉलमध्ये, अर्धा चांदवडच्या केंद्रात, मध्ये टेलिफोनची तार. तिकडे टेबलावर स्पीकरचं खोकं आणि त्याच्याभोवती शेती-नोकरी सांभाळून पदवी घेऊ पाहणारी माणसं. मी वाणिज्य शिकवायचो, बाई अर्थशास्त्र. मला त्या तारेचा मनस्वी कंटाळा. बाईंचा मात्र सगळा जीव तिच्यात.

तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील, ज्यांना समोरचं पोर दिसतच नाही. नाशिकच्या कुणी शंका विचारली की बाई फाडून खायच्या. “चांदवडवाले कधी विचारतात का? कांदे खुडून येतात, तरी एका दमात कळतं त्यांना. तुमच्या कानांत काय बोळे घातलेत?” एकदा एक मुलगी रडत बाहेर गेली, तरी बाईंचा खडू थांबला नाही.

“बाई, चांदवड तुमचं माहेर का हो?” आम्ही चिडवायचो.

“चिडवा खुशाल. ऐकणारी माणसं मिळायला नशीब लागतं.”

विभागप्रमुखपद चालून आलं, तेव्हा फोनचे वर्ग सोडायची अट होती. बाईंनी पदच सोडलं. मी म्हटलं, वेड लागलंय तुम्हाला.

निवृत्तीच्या वेळी सत्कारालाही त्यांनी नकार दिला. “शेवटचा तास चांदवडला जाऊन घेते. एकदा त्यांची तोंडं बघायचीत मला. एवढंच हवंय.” सोबतीला मला ओढलं. नाशिकच्या द्वारका चौकात एसटीत चढल्या तेव्हा अंगावर येवल्याची पैठणी आणि हातात पेढे, जणू लग्नालाच निघाल्या होत्या!

केंद्राचे संयोजक आम्हाला बघून गडबडले. बाई थेट वर्गात शिरल्या.

“ओळखलंत का?”

कुणी हलेना.

“अरे, मी अर्थशास्त्राची! दर रविवारी बोलते ना तुमच्याशी?”

पहिल्या बाकावर एक जणी लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. ती मनापासून हसली. “अगंबाई, खोक्यातल्या मॅडम तुम्हीच व्हय! लय गोड आवाज हाय की तुमचा. त्यातून तर नुसती खरखर येती.”

“मग तुम्ही हो कसं म्हणता?”

“खरखर थांबली की म्हणायचं. मागच्या बॅचनं शिकवलंय. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी.”

संयोजक लगबगीनं पुढे आले. “मॅडम, मोठ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? तुमचा मान राहावा म्हणून मीच सांगितलं होतं पहिल्या वर्षी.”

मान! त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

बाई खुर्चीवर बसल्या. “म्हणजे इतक्या वर्षांत एकालाही, काहीच…?”

“नाय मॅडम. आमी गाईड वाचतो,” मागून कुणीतरी सांगितलं. कुणाच्याही मनात कपट नव्हतं, हेच वाईट. बाईंनी एकेकाच्या हातावर पेढा ठेवला आणि तास न घेताच बाहेर आल्या.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या. मग म्हणाल्या, “ती मुलगी रडत गेली होती ना, तिचं नाव काय हो?” मला आठवेना. त्यांनाही आठवेना. पदर तोंडाला लावून बाई रडल्या.

दोन-तीन वर्षांत बाई गेल्या. कॉलेजात शोकसभा झाली, तिला ते संयोजक हार घेऊन हजर. माइक हातात धरून गहिवरले, “मॅडमचा शब्दन् शब्द आमच्या मुलांनी कानात साठवला.” समोर लोक डोळे पुसत होते.

मी ताडकन उठलो. “साफ खोटं आहे हे!”

शेजारच्यानं माझा शर्ट ओढला. “अहो, प्रसंग काय, बोलताय काय!”

तेवढ्यात अध्यक्षांनी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. मी उभा होतोच. हात बांधले आणि गप्प राहिलो.