घोडागाडीवाल्या बायकांच्या गोष्टी

उमेळ्याला आमच्या शेजारी राहणारी ही बाई आमिश लोकांच्या इंग्रजी प्रेमकथा वाचते. अमेरिकेतली ही देवभोळी शेतकरी माणसं. त्यांच्या घरात वीज नाही, दारात मोटार नाही, प्रार्थनेलाही घोडागाडीतून जातात. पुस्तक वाचून झालं की ती मला देते आणि दुपारी ओट्यावर लसूण सोलता सोलता सासूला गोष्ट मराठीत सांगते. नायिकेने फार आढेवेढे घेतले की स्वतःच चिडते, “अगं, हो म्हण ना बाई!”

परवाची गोष्ट मी वाचलेली होती. मुलगी समाजाबाहेर लग्न करते, आई तिच्याशी बोलणं टाकते. शेवटी मुलगीच येऊन माफी मागते.

पण ही म्हणाली, “मग आईनेच घोडागाडी जोडली आणि ती लेकीकडे गेली.”

मी चमकून पाहिलं. तिने मान वर केली नाही. तिच्या नणंदेनेही असंच परजातीत लग्न केलेलं, आणि तेव्हापासून या घरात तिचं नाव निघत नाही.

“मंग? पोरीनं दार उघाडलं?” सासूने विचारलं.

“उघडलं की. आईला बघून रडायलाच लागली.”

म्हातारी सुनेकडे वळली. मग म्हणाली, “रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की रिक्षा सांग. जूचंद्रला पोरीकडं जाऊ. तिला आधी फोन करू नको. येऊ नको म्हनाली तर?”

“ती तसं म्हणायची नाही, आई,” असं म्हणत ती सासूजवळ सरकून बसली.