अकरा पावलं

वडूजचे ते निवृत्त सुभेदार सांगलीला आमच्या दवाखान्यात यायचे. मी तिथं कंपाउंडर होतो. रक्त न पोचल्यानं त्यांच्या गुडघ्यातला हाडाचा तुकडा मेला होता.

"तीन महिने कुबड्या. त्या पायावर अजिबात भार नको," डॉक्टरांनी सांगितलं.

"व्हय साहेब," म्हणून ते ताठ उठले. दुखतं का विचारलं, तर दर खेपेला "चालू हाय" एवढंच म्हणत.

तिसऱ्या महिन्यात ते न बोलावता आले.

"साहेब, हुकूम मोडला. कारभारीण आडाजवळ पडली, तिला उचलून घरात न्हेलं. अकरा पावलं झाली."

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. "तेव्हा दुखलं का?"

"ध्यान न्हवतं. आता पुन्ना पयल्यापासनं तीन महिने का?"

"गरज नाही."

तरी पुढचे तीन महिने ते कुबड्यांवरच आले.