शंभरचा बल्ब

मंडळी, भुताखेतांचं कुणी काही सांगायला लागलं की मी त्याची टर उडवायचो. विजेचं काम करणारा माणूस मी, मीटरवर दिसतं तेवढंच खरं मानणारा. आजही तसाच आहे... म्हणजे, एक खोली सोडून.

२००५ चा उन्हाळा. पुण्यातल्या एका संस्थेत मी कामाला होतो. ट्रस्टच्या शाळा, वसतिगृहं, दवाखाने यांच्या इमारतींत जायचं, वीज कुठे वाया जाते ते शोधायचं, पिवळे बल्ब काढून सीएफएल लावायचे. त्यात जुन्नरकडचा, पिंपळवंडीच्या पुढचा एक वृद्धाश्रम आला. तिथं माझी सख्खी मावशी राहायची. खुबा मोडल्यापासून दीड वर्षं खाटेवरच. तिला मूलबाळ नाही, आणि आमच्या लोणीच्या घरी दिवसभर तिला बघायला कुणी नाही.

तिच्या समोरची खोली रिकामी होती. खिडकीला पत्रा ठोकलेला, आत मोडक्या खाटा, आणि शंभर वॅटचा एक बल्ब दिवसरात्र चालू! मी स्टूल घेतलं, तशी मावशी म्हणाली, "संजा, त्यो नको काढू. गोदीला अंधाराची लई भीती. मी तिला शब्द दिलाय."

गोदाबाई तिची मैत्रीण. वर्षापूर्वी त्याच खोलीत, लाईट गेलेली असताना वारली होती. मी हसलो. तिला आता कसला आलाय अंधार, असं म्हणून बल्ब काढला आणि पिशवीत टाकला. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुपारी दोनला लोडशेडिंग सुरू झालं. सगळे जेवून आडवे झाले होते. व्हरांड्यातून जाताना सहज मीटरकडे नजर गेली, तर आतली चकती फिरत होती. अहो, वीजच नाही तर ती फिरेल कशी? मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात टाकले. तरी फिरतेच आहे! घड्याळ लावून फेरे मोजले... शंभरचा एक बल्ब चालू असेल तर जेवढे व्हावेत तेवढेच.

मावशीकडे धावलो. खाट रिकामी.

समोरच्या खोलीचं दार उघडं होतं. आतल्या काळोखात, बरोबर होल्डरच्या खाली मावशी उभी होती – स्वतःच्या पायांवर. उजवा हात पुढं ताणलेला, कुणीतरी ओढत असल्यासारखा.

"गोदी हात सोडंना रे," ती हळूच म्हणाली. "दिवा लाव."

खोटं कशाला सांगू, पळून जावंसं वाटलं. पण मावशी होती हो ती... कसाबसा स्टूलवर चढून पिशवीतला तोच बल्ब बसवला. आणि तो पेटला. फ्यूज माझ्या खिशात, अख्ख्या गावात लाईट नाही, आणि बल्ब लख्ख! मावशीचा हात सुटला, ती खाली कोसळली. मनगटावर बोटांचे वळ उठले होते. बाहेर चकती थांबलेली.

पुढे आमच्या साहेबांना विचारलं. मीटर खराब असेल म्हणाले. मग बल्ब, ते वळ? त्यावर त्यांनी पुढची फाईल उघडली.

मावशी आणखी चार वर्षं जगली, पण पुन्हा कधी उभी राहिली नाही. शेवटचे दिवस हट्टानं गोदाबाईच्या त्याच खोलीत काढले. तेराव्यानंतर तिथल्या मॅनेजरचा फोन आला, "भाऊ, आता तरी त्यो बल्ब काढायचा का?"

मी नाही म्हणालो. वर्षातून दोनदा शंभरचे नवे बल्ब घेऊन जातो, आणि दारातूनच देऊन परत फिरतो. गोदाबाईची आता तेवढी भीती वाटत नाही. पण आत मावशीनं हात धरला, तर तो सोडवून घेणं मला जमणार नाही.