वळणावर झुकणारा पैलवान

आमच्या नव्या रेसच्या गाडीचं डावं चाक वळणावर हवेत उचललं जायचं आणि ते मी एकट्यानं जमिनीवर आणलं, असं कोल्हापुरात अजून सांगतात. ते खरं नाही. शर्यत रविवारी होती आणि शुक्रवारी ट्रॅकवर चाचणी घेताना चाक काही खाली बसेना. कुंपणाशी एक अनोळखी पैलवान कागदातली भजी खात आमची फजिती बघत होता.

"पावणं, मी बसू काय शेजारी?" म्हणाला, आणि बसलासुद्धा.

प्रत्येक डाव्या वळणावर तो अर्धा बाहेर झुकायचा आणि खदाखदा हसायचा. चाक खालीच! मलाही हसू आवरेना. आम्ही उगाच चार चकरा जास्त मारल्या.

तेवढंच वजन तिथं बांधावं म्हणून मी विचारलं, "वजन किती तुमचं?"

तो एकदम दचकला. "ते तेवढं इचारू नगा! वस्तादानं वजन उतरवाय सांगितलंय, आन् मी हितं भजी खातोय की! माझं नाव कुठं घिऊ नगा!"

शेवटी त्याच्याखाली दबली होती तेवढी सीट दबेपर्यंत मी वाळूची पोती रचून बांधली.

रविवारी आम्ही जिंकलो. माईकवर मी सांगितलं, "सगळी माझीच अक्कल." गर्दीतली सगळ्यात मोठी शिट्टी त्या पैलवानाचीच होती.