विमान हॉटेलच्या खिडक्या

वडीगोद्रीच्या फाट्यावर पत्र्याचं एक विमान उभं होतं. होतं हॉटेलच, पण मालक काकासाहेबांनी त्याला पंख लावले, शेपूट लावलं, आत भंगारातल्या एस्टीच्या सीटा टाकल्या आणि कंडक्टरच्या घंटीची दोरीही वर तशीच ओढून घेतली. दोन घंट्या मारल्या की विमान सुटलं, असं पोरं म्हणायची. आता विमानाला कंडक्टरची घंटी कुणी लावतं का? पण शहाऐंशी साली मी लग्न होऊन अंबडला आले, आमच्या ह्यांनी मला तिथं भजे खायला नेलं, आणि मी खिडकीशी बसले ती खायचंच विसरले.

खिडक्यांना काचा नव्हत्या. प्रत्येकीत पत्र्यावर चित्र काढलेलं, आभाळातून दिसणारं रान. गोधडीच्या ठिगळांसारखी वावरं, दोऱ्याएवढी नदी, काडेपेटीएवढं गाव. एका खिडकीत बांधावर लाल लुगड्यातली बाई होती, कपाळावर हात धरून वर बघणारी. मला वाटलं, ती माझ्याकडेच बघून राह्यली. भजे गार झाले आणि हे हसत बसले.

ती चित्रं तातेराव पेंटरची. अंबडला दुकानांच्या पाट्या रंगवायचे, ट्रकच्या मागं फुलं काढायचे. विमानात ते कधी बसलेले नव्हते. लोक चेष्टा करायचे, "पेंटर, कोणत्या विमानानं गेल्ता?" ते हसण्यावारी न्यायचे. पण कुणी विमानात बसून आलं असं कळलं की सायकल काढून त्याच्या दारात जायचे आणि विचारायचे, वरून रान कसं दिसतं? कुणी म्हणायचं, मला झोप लागली. एक बडे साहेब म्हणाले, आम्ही पेपर वाचतो. असा राग यायचा मला. माणूस आभाळात जातो आणि तिथं बसून पेपर वाचतो, काय म्हणावं ह्याला.

मी शाळेत मास्तरीण. तातेराव आमच्या शाळेची भिंत रंगवायला आले, तेव्हा मीच बोलून गेले, "दादा, मी कधी विमानात बसले तर खालीच बघत बसेन आणि तुम्हाला येऊन सांगेन."

"इसरू नका बाई," ते म्हणाले. पुढं बाजारात भेटले तरी तेच.

दोन हजार चारला धाकट्या भावानं तिकीट पाठवलं, औरंगाबादहून मुंबईचं. खिडकीची जागा मिळाली. विमान वर गेलं, मी खाली पाहिलं. तीच ठिगळं. तोच दोरा, तीच काडेपेटी. ज्या माणसाचे पाय जमिनीवरून सुटले नाहीत, त्याला हे दिसलं तरी कुठून? मला रडू फुटलं. शेजारच्या बाई विचारायला लागल्या, बरं वाटत नाही का. त्यांना काय सांगणार, कपाळ.

परत आले आणि दुसऱ्या दिवशी तातेरावांना घेऊन वडीगोद्री गाठली. विमानाचा एक पंख गळालेला, सीटा फाटलेल्या. खिडक्या मात्र तशाच होत्या. तातेराव थकले होते, त्यांच्या बायकोला, साळूबाई वहिनींना, जाऊन दोन वर्षं झाली होती. चहा यायच्या आधीच म्हणाले, "सांगा."

"सगळं तसंच आहे दादा. हुबेहूब. पण तुम्ही हे पाहिलं कुठून?"

"आमच्या गावात नवी पाण्याची टाकी झाल्ती. तिच्यावर नाव टाकायला चढलो, तिथून रान दिसलं. आणखी वर गेल्यावर कसं दिसंल, ते मनानं काढलं." मग म्हणाले, "समदं बराबर? खरं सांगा बाई. लई वर्षं थांबलो मी."

मला खोटं बोलता येत नाही, हीच तर खोड आहे. मी लाल लुगड्याकडं बोट केलं. "माणसं दिसत नाहीत दादा. तेवढ्या उंचावरून कुणीच दिसत नाही."

त्यांचा चेहरा उतरला.

"ती साळू हाय," ते म्हणाले. "टाकीवरून मी लई हाका मारल्या. ती वावरात खुरपत होती, तिला ऐकूच गेलं न्हाई. म्हणून चित्रात वर पाह्यला लावली."

चहा आला, तसाच राहिला.

"दिसत न्हाईत," ते म्हणाले, "पण खाली असतात ना?"

"असतात की."

"मंग बराबर हाय."

त्यांनी हात वर करून दोरी धरली आणि दोन घंट्या मारल्या.