पहिल्या खेपेचं नको

आमच्याकडे बेंबळीला कुणी चहा विचारला की आधी नको म्हणायचं असतं. कितीही तल्लफ आली असली तरी. आपण "आत्ताच झाला" म्हणायचं, समोरच्यानं "घ्या हो घोटभर" म्हणायचं, आपण पुन्हा मान हलवायची आणि तोवर कप हातात आलेला असतो. पहिल्याच खेपेला हो म्हणणारं माणूस हावरट ठरतं. ही रीत मला कुणी बसवून शिकवली नाही, ती अंगातच मुरलेली. तीच घेऊन मी हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला गेले आणि तिथं तिनं माझा पार घात केला.

शेतकी महाविद्यालयात असताना मी देशोदेशींच्या तरुणांच्या एका गटात सामील झाले होते. आमच्या बैठका मोबाइलवर व्हायच्या आणि घरात नेटवर्क येत नसल्यानं मी शेजारच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून बसायचे. परिषदेसाठी माझी निवड झाली तेव्हा गावाला केवढं कौतुक. मला मात्र नवल वाटलं नाही. कामाला मी कुणाला हार जाणारी नव्हते.

जाताना माझ्याकडे सांगायला एकच गोष्ट होती आणि ती माझी नव्हती, काकूची होती. काकू बायकांच्या टोळीची मुकादम. कांदे काढायचे दिवस म्हणजे आमच्याकडे ऐन एप्रिल, अंगाची लाही करणारं ऊन. एका साली काकूनं मालकांना सांगून पाहिलं की बायका पहाटे पाचला येतील, दहाला बांधावरून घरी जातील, उरलेलं काम ऊन कलल्यावर करतील. मालक बघू म्हणाले आणि कुणी काही बघितलं नाही. पुढच्या साली टोळीतली एक बाई भर दुपारी सरीतच भोवळ येऊन पडली. ती वाचली, पण दुसऱ्या दिवशी टोळी कुणाच्याच रानात गेली नाही. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः काकूच्या दारात आले. तेव्हापासून आमच्या शिवारात दहा वाजले की बायका उठतात, आणि कांदाही काही जमिनीत राहत नाही.

मी निघाले तेव्हा काकू येडशीच्या स्टेशनापर्यंत आली होती. गाडी यायच्या आधी तिनं एवढंच सांगितलं, "तिथं रडगाणं गाऊ नको. आमी काय केलं ते सांग."

परिषदेची जागा म्हणजे आमच्या तुळजापूरच्या नवरात्रातली गर्दी, फक्त सगळे कोटात. आम्हा तरुणांना बसायला एका कोपऱ्यात लांब टेबल मिळालं होतं. तिथं वीस-पंचवीस जण एकाच फाइलमध्ये एकाच वेळी लिहीत असायचो. मी एक वाक्य लिहावं, तर दुसऱ्या देशातलं कुणीतरी माझ्या डोळ्यांदेखत त्यातला शब्द बदलावा. पहिल्या दिवशी माझा संताप झाला. तिसऱ्या दिवशी मीही दुसऱ्यांची वाक्यं छाटायला शिकले, आणि खरं सांगते, त्यात फार मजा येते. आमच्यात मतदान नव्हतं. पटलं तर हात वर करून बोटं हलवायची, पटलं नाही तर छातीवर हात आडवे धरायचे. एकाचे जरी हात आडवे असले तरी पुढं जायचं नाही. ग्रामसभेत निम्मे लोक गप्प बसतात आणि ठराव मंजूर होतो, हे बघत वाढलेल्या मला हा प्रकार फारच आवडला.

उष्णतेपासून माणसांना वाचवण्याबद्दलच्या वाटाघाटी चालू होत्या. त्या सत्राच्या शेवटी तरुणांना दोन मिनिटं बोलायला मिळणार होती. बोलणार एकच जण. बैठक चालवणारा केनियाचा मुलगा होता, शांत आणि अतिशय नेमका. त्यानं सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू बोलशील का? तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे."

माझ्या तोंडून निघालं, "मी नको. हिचं इंग्रजी चांगलं आहे." आणि मी शेजारच्या मुलीकडे बोट दाखवलं. ती प्रशांत महासागरातल्या एका लहानशा बेटावरची. माझी तिथली सगळ्यांत जवळची मैत्रीण.

त्यानं मान डोलावली, तिला विचारलं, ती हो म्हणाली, बोटं हलली, तिचं नाव लिहिलं गेलं आणि बैठक पुढच्या विषयाकडे गेली. मी आपली त्यानं पुन्हा विचारण्याची वाट बघत बसले होते. त्यानं काही विचारलंच नाही. काकूची अख्खी टोळी मी तिथं दोन शब्दांत वाटेला लावली होती, आणि तीही चांगलं दिसावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी काकूचा फोन आला. बोलली का, असं तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, वर तक्रारही केली की ह्या लोकांना माणसाचा मान ठेवायची रीतच नाही, एकदा विचारलं की झालं.

काकू ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मग तू मागितलंस का?"

"असं कसं मागायचं, काकू? दुसरीचं नाव लागलंय."

"म्या मालकाच्या आग्रहाची वाट बघत बसले आसते, तर आजबी भर दुपारी कांदंच उपटीत आसते," ती म्हणाली. "मान घरात ठेवायचा असतो. कामाच्या जागी मागून घ्यायचं."

मला राग आला. ती बरोबर बोलत होती म्हणून जास्तच आला. फोन ठेवून मी तडक बेटावरच्या मैत्रिणीकडे गेले आणि सांगितलं की मला बोलायचं होतं, माझं नको खरं नव्हतं. तिनं चमच्यातलं दही तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. मग नको का म्हणालीस, असं तिनं विचारलं. मी तिला चहाची सगळी गोष्ट सांगितली. तिला हसू आवरेना. हसून झाल्यावर मात्र ती गंभीर झाली. तिच्या आजोबांची कबर समुद्राच्या भरतीत येऊ लागली होती आणि तिनं ते सांगायची तयारी केली होती. ती म्हणाली, "माझी जागा मी तुला देते. पण माझी दोन वाक्यं तू बोलायचीस. आधी माझी, मग तुझी."

मी पहिल्याच खेपेला हो म्हणाले.

बैठकीत मी उभी राहून सांगितलं की मला बोलायचं आहे आणि काल मी चुकीचं बोलले. मग मैत्रिणीनं बोटं हलवली आणि पाठोपाठ टेबलभर बोटं हलली. केनियाच्या मुलानं शांतपणे तिचं नाव खोडून माझं लिहिलं.

सत्र लांबलं. मोठमोठे देश एकेका ओळीवर अडून बसले होते आणि आम्ही मागच्या रांगेत घड्याळाकडे बघत होतो. शेवटी अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, आमच्याकडे वळून छान हसल्या आणि म्हणाल्या की वेळ संपला आहे, तरुणांनी त्यांचं म्हणणं लेखी दिलं तर चालेल ना.

इतक्या गोड बोलल्या की माझी मान आपोआप डोलायला निघाली. चालेल, काही हरकत नाही, तुम्ही दमला असाल, हे सगळं जिभेवर तयार होतं. मी समोरचं बटण दाबलं. माइकचा लाल दिवा लागला.

"नाही, चालणार नाही," मी म्हणाले. "आम्हाला दोनच मिनिटं हवी आहेत."

अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं, चष्मा परत लावला आणि एक मिनिट दिलं. दोन मिनिटांच्या मजकुराचं पान माझ्या हातात होतं, मी ते उलटं ठेवलं. आधी मैत्रिणीची दोन वाक्यं बोलले, तिच्या आजोबांची कबर, तिचा समुद्र, एक शब्द न गाळता. उरलेल्या वेळात काकूची टोळी सांगितली. पाच वाजता रानात, दहा वाजता बांधावर. कुणी दिलं नव्हतं, बायकांनी घेतलं होतं, आणि तुमच्या कागदात उन्हात राबणाऱ्या बाईला तिच्या कामाची वेळ ठरवायचा हक्क लिहा, एवढंच आमचं मागणं आहे. लाल दिवा विझला तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट फार बरं वाटत होतं, आणि मैत्रिणीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ उठले.

शेवटच्या दिवशी ठरावाचा कागद हाती आला. आम्ही सगळे एकाच टेबलावर वाकून तो वाचत होतो. आमची ओळ त्यात नव्हती. मैत्रिणीचा समुद्रही नव्हता. कुणीतरी शिवी दिली, ती कुठल्या भाषेतली होती ते कळलं नाही, पण सगळ्यांना पटली. नंतर केनियाच्या मुलानं कोरी फाइल उघडली आणि वर पुढच्या परिषदेचं शीर्षक टाकलं.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा काकूकडे गेले. ती नुकतीच रानातून आली होती, दहा वाजून गेले होते. कागदात आपली ओळ आली नाही, हे मी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं. वाटेत येताना तिला समजवायला बरंच काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच लागलं नाही. ती चुलीपाशी बसली, आधण ठेवलं.

"आमाला तरी पहिल्या साली कुठं दिलं होतं?" ती म्हणाली. "परत जा अन् परत माग."

मग तिनं चहा घेणार का म्हणून विचारलं, आणि मी हो म्हणाले.