एक टोपण जास्त

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच. हे मी आजही मान वर करून सांगते. कापसाची ती वाईट वर्षं होती आणि मी यवतमाळच्या एका प्रयोगशाळेत पेशींच्या आत जनुक पोचवायच्या खटपटीत होते.

जनुक पोचवायला वाहन होतं कायटोसान. कोळंबीच्या, आमच्याकडच्या झिंग्यांच्या, टरफलांपासून काढतात ते. त्याचे अतिबारीक कण जनुकाला धरून ठेवतात आणि पेशी त्यांना आत ओढून घेते. आमचा जनुक कामाला लागला की पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. पहिल्या खेपेला चमकल्या दोन-चारच. नागपूरहून आणलेल्या पेशींच्या दोनच बाटल्या उरलेल्या, प्रकल्प द्यायची तारीख डोक्यावर. चमक नाही तर एम.एस्सी. नाही. मला एका जागी बसवत नव्हतं.

रविवारी जीपनं घाटंजीकडे, गावी गेले. बाबा वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, फवारणीचं औषध कालवत होते. टोपणानं मोजून टाकलं आणि वर आणखी एक.

"जास्त काहून टाकून राह्यले?"

"कागदावर लिवलं ते कंपनीचं. हे एक टोपण आपलं. त्याबिगर अळी मरते का?"

"आन् अंगावर उडालं तं?"

"तू आपले झिंगे पाह्य, बाई."

आमच्याकडे सगळेच टाकतात. मी हसले.

सोमवारी ठरलेलं कायटोसान मोजलं आणि वर थोडं आणखी सोडलं. विचार असा केलाच नाही; हातानंच केलं. मग दोन दिवस मी इन्क्युबेटरच्या दाराशी येरझाऱ्या घातल्या. चहा घ्यायचे आणि तसाच ठेवायचे. बुधवारी पाहिलं तर सगळ्या पेशी तळ सोडून वर तरंगत होत्या. मेलेल्या. कायटोसान प्रमाणाबाहेर गेलं की पेशींना ते विषच.

"काल लोडशेडिंगमध्ये इन्क्युबेटर बंद होता ना," प्रकल्पाचे मार्गदर्शक सर म्हणाले, "त्यानंच झालं."

मी "हो" म्हणाले.

वहीत खोटं लिहिणाऱ्या एकाचा प्रकल्प सरांनी आदल्या वर्षी काढून घेतला होता. खरं सांगितलं तर शेवटची बाटली जाणार होती. मी जिना उतरले, फाटकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा उतरले. घरातली पहिली म्हणून मिरवायचं आणि पहिलंच पान खोटं लिहायचं, हे काही घशाखाली उतरेना.

"सर, लाइटीनं नाही. मी जास्त टाकलं."

"किती?"

"मोजलं नाही. आमच्याकडे वरून एक टोपण टाकतात, तसं."

सर म्हणाले, "मी दारव्ह्याचा. आमचा बापही टाकायचा." शेवटची बाटली त्यांनी काढून दिली, पण मी मोजत होते तोवर माझ्या कोपराशी उभे राहिले. "आता हात मागं घे," एवढंच बोलले.

दोन दिवसांनी पेशी चमकल्या. सगळ्या नाहीत, पण मोजाव्या लागतील इतक्या. वहीत मेलेल्या बाटलीचं पानही मी राहू दिलं, कारणासकट.

पुढच्या रविवारी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तुह्या सरले म्हण, एक डाव वावरात येऊन अळी पाह्य," ते म्हणाले, आणि वरचं टोपण भरलं.